२१४७४८३६४७ ही मूळ संख्याच कशी काय निघाली? योगायोग की काही कारण?

कट्ट्यावरचा_कोडर:

नमस्कार मंडळी, प्रश्न बालिश वाटला तर सांभाळून घ्या.

भाचा सुट्टीला आलाय. तो कुठलासा गेम खेळतो त्यात त्याचे कॉइन २१४७४८३६४७ वर येऊन थांबले, पुढे सरकतच नाहीत, मग मोबाईल घेऊन माझ्याकडे आला की मामा तू कॉम्प्युटरवाला ना, सांग हे काय झालंय. मी म्हटलं अरे ही ३२ बिटची मर्यादा आहे, एक बिट अधिक-उणे दाखवायला जातो, उरले ३१, त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या २^३१ - १, म्हणजे हीच. इथपर्यंत मी हुशार मामा. पण कार्ट्याचं शाळेत नुकतंच मूळ संख्या आणि संयुक्त संख्या झालंय, त्यामुळे लगेच पुढचा बॉम्ब, मामा ही मूळ संख्या आहे का?

म्हटलं बघू. वर्गमूळ ४६३४० च्या आसपास येतं म्हणून तिथपर्यंत भागत बसणारा साधा लूप लिहिला, एंटर दाबेपर्यंत उत्तर हजर, मूळ आहे. भाचा खूष होऊन खेळायला गेला आणि डोक्याला ताप मला झाला. नंतर जरा शोधलं तर कळलं की ही गोष्ट ऑयलरने १७७२ मध्येच सिद्ध केली होती. हाताने!! ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्याच मुळात पावणेपाच हजारांच्या वर आहेत, तेवढे भागाकार माणूस करत बसला असेल का?

तर प्रश्न असे की, एक म्हणजे इंटिजरची कमाल मर्यादा नेमकी मूळ संख्या निघाली हा निव्वळ योगायोग का? दुसरं, ऑयलरने हे केलं कसं? आणि तिसरं, या संख्येचा मूळ असण्याचा कुणाला काही उपयोग आहे का नुसतंच कौतुक? जाणकारांनी प्रकाश टाकावा. शक्यतो सोप्या भाषेत, माझं गणित इंजिनिअरिंगच्या एम-३ मध्येच वारलं.

शून्यवादी:

योगायोगच हो. बिटांची संख्या इंजिनिअर लोकांनी ठरवली, मूळ संख्या बघून नाही ठरवली.

आणि ४६३४० पर्यंत लूप कशाला फिरवायचा. फर्माचं प्रमेय आहे ना, मूळ संख्या एन असेल तर २ चा (एन-१) घात घेऊन एन ने भागलं की बाकी १ येते. पायथॉनमध्ये एका ओळीत होतं. टाकून बघा, १ येईल, विषय संपला.

तिरका_कोन:

@शून्यवादी, विषय संपला नाही, कारण तुमची चाचणी याच जातीच्या संख्यांना कधीच नापास करत नाही. २ ला आधार धरून ही चाचणी इथे घेणं म्हणजे पोराला त्याचीच उत्तरपत्रिका तपासायला देणं आहे.

कारण बघा. २^पी - १ या आकाराची संख्या घ्या, पी मूळ. तिला एम म्हणू. २^पी ला एम ने भागलं की बाकी १, हे तर व्याख्येतच आलं. आता एम-१ म्हणजे २^पी - २, आणि फर्माच्याच प्रमेयाने याला पी ने निःशेष भाग जातो. म्हणजे २^(एम-१) हा २^पी चा कुठला तरी घात झाला, आणि १ चा कुठलाही घात १ च. तेव्हा बाकी १ येणारच, एम मूळ असो की नसो. पटत नसेल तर २^११ - १ = २०४७ घ्या. ते २३ गुणिले ८९ आहे, चक्क संयुक्त, पण तुमची एक ओळ त्याला मूळ म्हणून पास करेल. २ ऐवजी ३ घेतलात तर २०४७ लगेच पकडला जातो.

चाचणीच हवी असेल तर मिलर-राबिन वापरा, आधार २, ३, ५, ७ हे चार घेतले की साधारण ३२१ कोटींपर्यंत (नेमकं ३२१५०३१७५१ च्या खाली) उत्तर पक्कं मिळतं, शंकेला जागा नाही. आपली संख्या २१४ कोटींची आहे, सहज बसते.

आता योगायोगाबद्दल. अर्धा योगायोग आहे, अर्धा नाही. २^एन - १ मूळ असायची असेल तर एन स्वतः मूळ असावाच लागतो. एन = ए गुणिले बी असेल तर २^ए - १ हा अवयव आयताच निघतो. आता चिन्ह असलेल्या इंटिजरच्या मर्यादा बघा:

८ बिट: २^७ - १ = १२७, मूळ.
१६ बिट: २^१५ - १ = ३२७६७, हा ७ × ३१ × १५१. १५ म्हणजे ३ × ५ असल्यावर होणारच होतं.
३२ बिट: २^३१ - १, आपला नायक.
६४ बिट: २^६३ - १, संयुक्त. ६३ ला ३ ने आणि ७ ने भाग जातो, त्यामुळे ही संख्या तर ७ ने दोनदा भागली जाते.
१२८ बिट: २^१२७ - १, मूळ! फ्रान्सच्या ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं, ३९ अंकी आहे.

म्हणजे बिट दुप्पट होत गेले की एकआड एक संख्या मूळ निघतेय. पण हा नियम समजू नका, पुढे ५१२ बिटला ५११ = ७ × ७३ येतं आणि गाडी घसरते. घातांक मूळ असूनही संख्या संयुक्त निघू शकते हे वर २०४७ ने दाखवलंच. घातांक मूळ असणं म्हणजे फक्त तिकीट मिळालं, सीट मिळेलच असं नाही.

कट्ट्यावरचा_कोडर:

भारी. २०४७ चालवून बघितलं, खरंच पास झाला राव 😀 आणि ३ ने नापास.

पण ऑयलर राहिलाच.

निवृत्त_खडू:

ऑयलरचं मी सांगते. मी शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर आहे, त्यामुळे वेळ भरपूर आहे आणि लिहिणं लांबेल, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी थोडं मागचं. या आकाराच्या मूळ संख्यांना मेर्सेन मूळ संख्या म्हणतात, मरँ मेर्सेन हा फ्रेंच पाद्री होता, त्याने १६४४ मध्ये यादी दिली की २५७ पर्यंतच्या कुठल्या घातांकांना २^पी - १ मूळ येते. त्यात ३१ होता. सिद्धता वगैरे काही दिली नाही. आणि यादी चुकलेलीच होती, ६७ आणि २५७ घातले ते मूळ नव्हते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले. पण ३१ बरोबर होता. त्याच्या आधी इटलीच्या काताल्दीने २^१९ - १ म्हणजे ५२४२८७ पर्यंत मजल मारली होती, सरळ एकेका मूळ संख्येने भागत. तिथे वर्गमूळ ७२४ येतं, त्यामुळे जमलं. ३१ ला तसं करायला गेलं तर तुम्ही म्हणता तसे हजारो भागाकार.

ऑयलरने काय केलं, तर भागायच्या आधी विचार केला की भागणारी संख्या कशी असू शकते.

समजा क्यू नावाची एक मूळ संख्या २^३१ - १ ला निःशेष भागते. म्हणजे २^३१ ला क्यू ने भागलं की बाकी १. आता २, ४, ८, १६ असे घात घेत जा आणि प्रत्येक वेळी क्यू ने भागून बाकी लिहा. बाक्या चक्रासारख्या फिरतात, १ आला की पुन्हा पहिल्यापासून. ३१ व्या घाताला १ येतोय म्हणजे चक्राच्या लांबीने ३१ ला भाग गेला पाहिजे. ३१ तर मूळ, म्हणजे लांबी १ किंवा ३१. लांबी १ म्हणजे २ ला क्यू ने भागून बाकी १, ते शक्य नाही. म्हणून चक्र ३१ चं. दुसरीकडे फर्मा सांगतो की २^(क्यू-१) ची बाकी पण १ असते, म्हणजे क्यू-१ मध्ये ३१ चं चक्र पूर्ण पूर्ण बसलं पाहिजे. क्यू-१ ला ३१ ने भाग जातो, क्यू विषम म्हणून २ ने पण जातो, म्हणजे ६२ ने जातो. झालं, क्यू ही ६२ च्या पटीत १ मिळवून येणारी संख्याच असली पाहिजे. ३, ५, ७, ११, १३ हे सगळे न भागताच बाद!

एवढ्यावर तो थांबला नाही. २^३१ ची बाकी १ तर २^३२ ची बाकी २. आणि २^३२ हा २^१६ चा वर्ग. म्हणजे क्यू ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या हिशोबात २ हा कुणाचा तरी वर्ग झाला. हे फक्त तेव्हाच घडतं जेव्हा क्यू ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते (याची सिद्धता इथे देत नाही, फार लांबेल). दोन्ही अटी एकत्र करा. ६२ च्या पटीत १: १, ६३, १२५, १८७, मग २४९ पासून पुन्हा तेच. ८ ने भागून बघा, १ ची बाकी १ चालेल, ६३ ची ७ चालेल, १२५ ची ५ नाही, १८७ ची ३ नाही. म्हणजे क्यू ला २४८ ने भागलं तर बाकी १ किंवा ६३ च.

आता ४६३४० पर्यंत अशा संख्या किती? २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७ अशा मोजत गेलं तर ३७२. त्यातल्याही बऱ्याच मूळ नाहीत, २४९ ला ३ ने जातो, ४९७ ला ७ ने, ५५९ म्हणजे १३ × ४३. पहिली खरी उमेदवार ३११, मग थेट १३०३, मग १४८९. गाळून गाळून ऐंशीच्या घरात उरतात. पावणेपाच हजारांवरून ऐंशी! एवढे भागाकार वही घेऊन एका आठवड्यात कुणीही करेल.

आणि भागाकार तरी कुठे लांबलचक करायचाय. ३११ बघा. २^८ = २५६, ३११ पेक्षा ५५ ने कमी, म्हणजे बाकी -५५ धरा. वर्ग केला ३०२५, ३११ × १० = ३११० वजा केले -८५, ही २^१६ ची. पुन्हा वर्ग ७२२५, ३११ × २३ = ७१५३ वजा केले तर ७२, ही २^३२ ची. निम्मे करा, २^३१ ची बाकी ३६. १ आली नाही, ३११ बाद. पाटीवर दोन मिनिटांचं काम. भाच्याला १३०३ करायला द्या.

ऑयलर त्या वेळी सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. हा निकाल त्याने डॅनिएल बर्नुलीला पत्रातून कळवला. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा पोरं हमखास विचारायची की मग त्याने लिहिलं कसं. मदतनीस होते लिहून घ्यायला, पण बराचसा हिशोब तो डोक्यातच करायचा.

शून्यवादी:

बाई, दंडवत. असं शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

तिरका_कोन:

+१

बाईंनी सांगितलं त्यात एक भर. ऑयलरची पद्धत छान आहे पण ती ६१ किंवा १२७ ला पुरत नाही, वर्गमूळच अवाढव्य होतं. ल्युकाने भागाकार करणंच सोडून दिलं. त्याची कल्पना पुढे लेमरने १९३० च्या दशकात घासूनपुसून घेतली, आता लुका-लेमर (ल्युका म्हणा, लुका म्हणा) चाचणी म्हणतात. कृती वाचून विश्वास बसत नाही इतकी सोपी आहे: ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, एम ने भागून बाकी ठेवा. असं पी-२ वेळा करा. शेवटी शून्य आलं तर एम मूळ, नाही आलं तर संयुक्त. मधलं काही नाही.

१२७ वर करून दाखवतो, पी = ७ म्हणून पाच पायऱ्या. ४, मग १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ६७ चा वर्ग उणे २ म्हणजे ४४८७ ची बाकी ४२, मग १७६२ ची बाकी १११, मग १२३१९ ची बाकी... १२७ × ९७ = १२३१९, शून्य! मूळ.

२०४७ वर नऊ पायऱ्या: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, संयुक्त. अवयव कोणते ते सांगत नाही, फक्त मूळ नाही एवढं सांगते.

२१४७४८३६४७ ला २९ पायऱ्या लागतात. कोडरसाहेब तुमच्या लूपपेक्षा कमी. फक्त वर्ग करताना ६४ बिट घ्या नाहीतर भाच्यासारखं तुमचंही अडकेल.

फिरता_रजिस्टर:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून मी घुसतो. उपयोग आहे आणि खूप आहे, फक्त तो "सुंदर संख्या" म्हणून नाही, दोन गुण एकत्र आल्यामुळे आहे. एक, ती मूळ आहे, म्हणून तिच्या मॉड्युलोमध्ये (म्हणजे तिने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या हिशोबात) शून्य सोडून प्रत्येक संख्येला व्यस्त मिळतो, भागाकार चालतो. आणि दोन, ती २ च्या घाताच्या अगदी शेजारी आहे, म्हणून तिने बाकी काढायला भागाकार लागतच नाही.

दुसरा गुण लोकांना माहीत नसतो. शाळेत ९ ने बाकी काढायला अंकांची बेरीज करायचो ना, ते चालतं कारण १० ला ९ ने भागून १ उरतो. इथे तसंच, २^३१ ला एम ने भागून १ उरतो. म्हणजे ६२ बिटची कुठलीही संख्या घ्या, खालचे ३१ बिट वेगळे, वरचे ३१ बिट वेगळे, दोघांची बेरीज करा, बेरीज एम च्या वर किंवा बरोबर गेली तर एकदा एम वजा करा, झाली बाकी तयार. एक शिफ्ट, एक अँड, एक बेरीज. प्रोसेसरला भागाकार सगळ्यात महाग पडतो, तो पूर्ण वाचला. हॅशिंगमध्ये (कुठल्याही माहितीवरून ठराविक मापाचा आकडा काढणं) म्हणूनच २^३१ - १ आणि तिची मोठी बहीण २^६१ - १ सगळीकडे दिसतात. पायथॉन तर आकड्यांचा हॅश यांच्याच बाकीने काढतो, ३२ बिट बिल्डमध्ये २^३१ - १ आणि ६४ बिटमध्ये २^६१ - १. आत्ता तुमच्या लॅपटॉपवर हॅश(२**६१ - १) करून बघा, ० येईल.

दुसरी जागा म्हणजे रँडम नंबर. एम-१ चे अवयव २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. या संख्येचं सगळ्यात लहान आदिमूळ (प्रिमिटिव्ह रूट म्हणतात ते) ७ आहे, म्हणजे ७ चे घात घेऊन एम ने बाकी काढत गेलात तर १ ते २१४७४८३६४६ या सगळ्या संख्या एकेकदा येऊन मगच चक्र फिरतं. ७ फार लहान म्हणून त्याचा पाचवा घात १६८०७ घेतात, ५ हा एम-१ च्या अवयवांत नाही म्हणून १६८०७ चं चक्र पण तेवढंच लांब राहतं. लुईस, गुडमन आणि मिलर यांनी हे १९६९ मध्ये आयबीएमच्या मशीनसाठी काढलं, पुढे पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये सांगितलं की काही सुचत नसेल तर निदान एवढं तरी वापरा, म्हणून त्याचं नाव मिनिमल स्टँडर्ड पडलं. १ पासून सुरू करून दर वेळी १६८०७ ने गुणून एम ने बाकी काढली की १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असं चालत जातं. सी++ मध्ये आजही मिनस्टँड नावाने बसलंय.

पण प्लीज, पासवर्ड, ओटीपी, लॉटरी असल्या कामाला हे वापरू नका. एक आकडा दिसला की पुढचे सगळे कळतात. गंभीर सिम्युलेशनला पण आता कुणी घेत नाही.

चहा_कटिंग:

म्हणजे बँकेच्या एन्क्रिप्शनमध्ये ज्या मोठमोठ्या मूळ संख्या वापरतात असं म्हणतात त्या याच का? मध्ये बातमी होती चार कोटी अंकांची मूळ संख्या सापडली म्हणून, आता हॅकर लोकांचं काम सोपं होणार का अवघड?

तिरका_कोन:

ना सोपं ना अवघड, त्या बातमीचा आणि बँकेचा संबंधच नाही. दर वेळी अशी संख्या सापडली की पेपरवाले शेवटच्या परिच्छेदात एन्क्रिप्शन घुसवतात.

ती बातमी ऑक्टोबर २०२४ ची. २^१३६२७९८४१ - १, अंक ४ कोटी १० लाख २४ हजार ३२०. ल्यूक ड्युरंट नावाच्या माणसाने शोधली, जिम्प्स नावाचा प्रकल्प आहे १९९६ पासून, त्यात जगभरचे लोक आपापले कॉम्प्युटर राबवतात. ही सापडलेली ५२ वी मेर्सेन मूळ संख्या, आपली २^३१ - १ ही आठवी.

बँकेला काय लागतं, तर साधारण ३०० अंकी दोन मूळ संख्या, आणि मुख्य म्हणजे त्या दुसऱ्या कुणालाही माहीत नसाव्यात. आरएसए नावाची एन्क्रिप्शनची पद्धत अख्खी त्यावर उभी आहे. जगाला नावानिशी माहीत असलेली मूळ संख्या गुपित म्हणून कुचकामी. शिवाय चार कोटी अंकी घेऊन बसलात तर एक यूपीआय व्हायला किती वेळ लागेल विचार करा.

हां, गुपित म्हणून नाही पण मैदान म्हणून मात्र मेर्सेन संख्या चालते. इलिप्टिक कर्व्ह या एन्क्रिप्शनच्या दुसऱ्या पद्धतीत पी-५२१ नावाचा प्रकार आहे तो २^५२१ - १ या मूळ संख्येवर चालतो. तिथे ती जाहीरच असते, आणि निवडण्याचं कारण वर रजिस्टरभाऊंनी सांगितलं तेच, बाकी काढायला स्वस्त.

चहा_कटिंग:

आयआयटीवाल्यांनी पण काहीतरी शोधलं होतं ना मूळ संख्यांचं? ते का नाही वापरत हे जिम्प्सवाले?

तिरका_कोन:

एकेएस. आयआयटी कानपूर, २००२, मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे नशिबावर किंवा न सिद्ध झालेल्या गृहीतकावर अवलंबून न राहता वाजवी वेळात ठरवता येतं हे त्यांनी सिद्ध केलं. थिअरीमध्ये जबरदस्त निकाल. पण प्रत्यक्षात हळू आहे, आणि मेर्सेनसाठी लुका-लेमरसारखी खास चाचणी हाताशी असताना सर्वसाधारण चाचणी कशाला. म्हणूनच तर सगळ्यात मोठ्या मूळ संख्येचा विक्रम वर्षानुवर्षं बहुतेक मेर्सेनकडेच असतो, त्याच जास्त आहेत म्हणून नाही, तपासायला सोप्या आहेत म्हणून.

निवृत्त_खडू:

उपयोगाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. युक्लिडपासून माहीत असलेली गोष्ट अशी की मेर्सेन मूळ संख्या मिळाली की परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे जिच्या स्वतःला सोडून सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच, जशा ६ आणि २८. २^३१ - १ वरून मिळणारी म्हणजे २^३० × (२^३१ - १) = २३०५८४३००८१३९९५२१२८. इंग्लंडच्या पीटर बार्लो नावाच्या गणितज्ञाने १८११ मध्ये हिच्याबद्दल लिहिलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधी कुणी शोधणार नाही, कारण या संख्या फक्त कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, कोण एवढी खटपट करेल.

१८७६ मध्येच ल्युकाने त्याला खोटं पाडलं. १८८३ मध्ये पेर्वुशिन नावाच्या रशियन पाद्र्याने २^६१ - १ पण दाखवली, मेर्सेनच्या यादीतून सुटलेली. आणि १९०३ मध्ये अमेरिकेत फ्रँक कोलने २^६७ - १ चे दोन अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, सभेत फळ्यावर गुणून दाखवले. तो व्याख्यानात एक शब्द बोलला नाही अशी दंतकथा सांगतात, ती किती खरी ते सोडा, गुणाकार मात्र खरा आहे, करून बघा.

फिरता_रजिस्टर:

अवांतर: आपल्या संख्येची शेजारीण पण बघा. २१४७४८३६४९ म्हणजे २^३१ + १, हिला ३ ने भाग जातो, भागाकार ७१५८२७८८३, आणि तो परत मूळ! अलीकडची २१४७४८३६४५ तर ५ वर संपते. म्हणजे आपली नायिका जुळी नाही, दोनच्या अंतरावर दुसरी मूळ संख्या नाही. आणि २ पासून मोजत आलात तर तिचा नंबर १०५०९७५६५ वा लागतो, दहा कोटी एक्कावन्न लाखांच्या जवळ.

आणखी अवांतर: ज्या सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटमध्ये मोजतात त्यांचा काटा नेमका याच आकड्यावर अडकणार आहे. आपल्याकडे तेव्हा १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि घड्याळ १९०१ च्या डिसेंबरात. नवीन सिस्टिम ६४ बिटवर गेल्यात, भीती आहे ती कुठल्यातरी कोपऱ्यातल्या जुन्या कंट्रोलरची, ज्याला कुणी वीस वर्षं हात लावलेला नाही.

शून्यवादी:

मंगळवार सकाळी पावणेनऊ, म्हणजे मी तेव्हा लोकलमध्ये असणार. इंडिकेटरवर १९०१ दिसलं तर तिकीट काढत नाही.

कट्ट्यावरचा_कोडर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. भाच्याला ३११ चं करून दाखवलं, बाकी ३६ कशी आली ते त्याला कळलं, वजा बाकी म्हणजे काय यावर थोडा वाद झाला. १३०३ चालू आहे.

पण त्याने अजून एक विचारलंय आणि तिरका_कोन यांना विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. ३ घातांक टाकला तर ७ मूळ, ७ टाकला तर १२७ मूळ, १२७ टाकला तर ती पण मूळ. मग घातांकात २१४७४८३६४७ च टाकला तर? २^२१४७४८३६४७ - १?

तिरका_कोन:

पोरगं हुशार आहे, गेम काढून घेऊ नका.

नाही, ती संयुक्त आहे. तिला २९५२५७५२६६२६०३१ ने निःशेष भाग जातो, १९८३ पासून माहीत आहे. बाईंचा नियम इथेही लागतो: अवयव घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ असला पाहिजे. २ × २१४७४८३६४७ × ६८७४५ + १ करून बघा, बरोबर हाच आकडा येतो. आणि त्या २^२१४७४८३६४७ - १ मध्ये साधारण ६४ कोटी ६४ लाख अंक आहेत, २०२४ च्या विक्रमाच्या जवळजवळ सोळापट, ती लिहून काढायची गरजच नाही. २ चा वर्ग करत करत दर वेळी या १५ अंकी संख्येने बाकी काढत जा, साठएक गुणाकारांत शेवटी १ येतो. फक्त ६४ बिटमध्ये गुणाकार मावणार नाही, पायथॉन वापरा.

२^३१ - १ च्या पुढची मेर्सेन मूळ संख्या घातांकात टाकायची तर ती २^६१ - १, म्हणजे २^(२^६१ - १) - १. ती मूळ आहे की नाही कुणालाच माहीत नाही. तिच्यावर लुका-लेमर चालवणं आजच्या मशीनच्या आवाक्याबाहेर आहे, त्यामुळे लोक ऑयलरच्याच पद्धतीने एकेक उमेदवार घेऊन भागून बघतायत, अजून एकही अवयव सापडलेला नाही.